पॉलिसी तुमच्या कपाटात, आजार आमच्या घरात

कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागप्रमुखांना खुलं पत्र

आदरणीय महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी एका मध्यम आकाराच्या इंजिनिअरिंग कंपनीच्या लेखा विभागात काम करतो. दर वर्षी ग्रुप मेडिक्लेमच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सामूहिक आरोग्य विम्याच्या, प्रीमियमचं बिल माझ्याच टेबलावरून पुढे जातं. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीतून कारखाने सुरू करायला परवानगी देताना केंद्रीय गृह मंत्रालयाने कामगारांचा वैद्यकीय विमा सक्तीचा केला, तेव्हा आमच्या कंपनीनेही धावपळ करून पहिली पॉलिसी घेतली. तेव्हापासून त्या पॉलिसीचा क्रमांक, नूतनीकरणाची तारीख, ब्रोकरचं नाव, सगळं मला पाठ आहे. पॉलिसी मात्र मी इतक्या वर्षांत एकदाच पाहिली, आणि तीही भांडून.

ते भांडण कशावरून झालं, ते आधी सांगतो. नाहीतर पुढचं सगळं उपदेशासारखं वाटेल.

काही वर्षांपूर्वी पत्नीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. घाई नव्हती, विचारपूस करायला चांगले आठ दिवस हातात होते. मी विचारलंही. आमच्या एचआरमधून उत्तर आलं, "पाच लाखांचं कव्हर आहे, कॅशलेस आहे, ई-कार्ड दाखवा, बाकी ते बघतात." यातला शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त एक गोष्ट सांगायची राहिली, की खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला पाच हजार रुपये आहे.

ऑपरेशनच्या दिवशी रुग्णालयात पाच हजारांची खोली रिकामी नव्हती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आठ हजारांची चालेल का? मी मनात हिशेब केला. रोजचे वरचे तीन हजार आपण भरू, तीन दिवसांचे नऊ हजार, चालेल. डिस्चार्जच्या दिवशी कागद हातात आला तेव्हा एक लाख चौऱ्याऐंशी हजारांच्या बिलातून एकोणसत्तर हजार कापलेले होते.

तुम्हाला हे गणित ठाऊक असेल, पण तुमच्या दहा कर्मचाऱ्यांपैकी नऊ जणांना ते ठाऊक नसतं, म्हणून इथे मांडतो. आठ हजारांच्या खोलीत पाच हजारांचा हक्क, म्हणजे साडेबासष्ट टक्के. विमा कंपनी खोलीच्या भाड्यापुरतं हे प्रमाण लावून थांबत नाही. शस्त्रक्रियेची फी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्यालाच ते लावते. रुग्णालयं खोलीच्या वर्गाप्रमाणे बाकीचे दरही वाढवतात, असं त्यामागचं कारण. खोलीचे नऊ हजार गेले, डॉक्टर आणि थिएटरच्या शहाण्णव हजारांतले छत्तीस हजार गेले, आणि औषधं, तपासण्या वगैरेंच्या चौसष्ट हजारांतले चोवीस हजार गेले.

मी हिशेबाचा माणूस. शेवटचा आकडा मला खटकला. क्रोसिनची गोळी जनरल वॉर्डात आणि डीलक्स खोलीत एकाच एमआरपीला मिळते, मग तिच्यावर कपात कशी? शोधत गेलो तेव्हा कळलं की विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०२० च्या जूनमध्येच हे स्पष्ट केलंय: औषधं, कन्झ्युमेबल्स (म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू), इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आणि ज्या रुग्णालयात खोलीच्या वर्गाप्रमाणे दर बदलत नाहीत, तिथे तर बाकीच्या खर्चालाही लावता येत नाही. मग पॉलिसीची प्रत मागितली. "ती कॉन्फिडेन्शियल आहे" हे उत्तर ऐकलं. मग थोडा आवाज चढवला. प्रत मिळाली, विमा कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र गेलं, आणि चोवीस हजार परत आले. उरलेले पंचेचाळीस हजार नियमानेच गेले होते, त्यावर बोलायला जागा नव्हती. सलतं ते इतकंच, की खोलीभाड्याची ती एक ओळ आठ दिवस आधी कळली असती, तर आम्ही ऑपरेशन चार दिवस पुढे ढकलून पाच हजारांची खोली घेतली असती. पित्ताशयातले खडे काही पळून जात नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या घरी कोणी ॲडमिट झालं की माणसं माझ्या टेबलाशी येतात. मी विमा एजंट नाही, वकील नाही. माझ्याकडे फक्त पॉलिसीची एक झेरॉक्स आहे. त्या झेरॉक्सवर जी गर्दी होते, ती पाहून हे पत्र लिहितो आहे.

आता तुमच्याशी थोडं मोकळेपणाने बोलू दे.

ग्रुप पॉलिसीत करार असतो तुमच्या कंपनीचा आणि विमा कंपनीचा. पॉलिसीधारक तुम्ही. आम्ही नुसते सदस्य. अटी तुम्ही ठरवता, ब्रोकर तुम्ही नेमता, कागद तुमच्याकडे येतो. आमच्याकडे येतं ते मोबाइलमधलं ई-कार्ड आणि रुजू झालो त्या दिवशीच्या सादरीकरणातली एक स्लाइड, जिच्यावर हसऱ्या कुटुंबाचा फोटो असतो. स्वतःच्या पैशाने वैयक्तिक पॉलिसी घेणाऱ्याला कंपनी पॉलिसी पाठवते, सोबत अटींचा सारांश देणारं माहितीपत्रक देते, आणि न पटल्यास परत करायला मुदतही देते. आमच्यासाठी पाच लाखांचा विमा आहे आणि त्याची एकही अट आम्ही वाचलेली नाही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं: हा कंपनीने दिलेला लाभ आहे, प्रीमियम कंपनी भरते. बरं. मग नेमणूकपत्रातला सीटीसीचा, म्हणजे आमच्यावरच्या कंपनीच्या एकूण खर्चाचा, तक्ता काढून पाहू या. कित्येक कंपन्यांच्या तक्त्यात 'मेडिकल इन्शुरन्स प्रीमियम' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे रक्कम असते. आमच्या मेहनतान्याच्या बेरजेत जी रक्कम तुम्हीच धरली, तिच्यातून काय विकत घेतलं ते पाहायला मागणं, यात आगाऊपणा कुठे आला? आणि आई-वडिलांसाठीचा जादा प्रीमियम तर बऱ्याच ठिकाणी थेट पगारातूनच कापला जातो.

कागद दाखवायला तुम्ही का कचरता, हेही मला लेखा विभागात बसून थोडंफार कळतं. ग्रुप पॉलिसीचा पुढच्या वर्षीचा प्रीमियम बऱ्याच अंशी मागच्या वर्षीच्या क्लेमवर ठरतो. शंभर रुपये प्रीमियम भरला आणि ऐंशी रुपयांचे क्लेम निघाले तर नूतनीकरणाच्या वेळी कंपनी भुवया उंचावते. शंभराच्या वर निघाले तर दर वाढवते नाहीतर अटी आवळते. मग वित्त विभागाकडून, म्हणजे आमच्याकडूनच, तुम्हाला फोन जातो: यंदा इतकी वाढ परवडणार नाही, काहीतरी करा. मग आई-वडिलांवर वीस टक्के को-पे येतो (म्हणजे बिलातला तेवढा वाटा आपण भरायचा), मोतीबिंदूवर मर्यादा येते, खोलीभाडं खाली येतं. हे सगळं बंद दाराआड, ब्रोकरच्या एक्सेल शीटवर ठरतं. कर्मचाऱ्याला ते कळतं रुग्णालयाच्या काउंटरवर, रात्री साडेअकराला. अटी आवळायला माझा फार विरोध नाही, पैसा काही झाडाला लागत नाही. पण आवळल्यात, तर सांगा. गेल्या वर्षी वडिलांच्या ऑपरेशनला पूर्ण पैसे मिळाले म्हणून यंदा आईचं ठरवणाऱ्या माणसाला को-पेचा कागद आधी मिळाला, तर तो वीस टक्क्यांची सोय करून ठेवेल.

एक बारीक गोष्ट, पण तिच्यात फार माणसं अडकतात. नावं नोंदवायची खिडकी. नवं लग्न झालं, मूल झालं, की ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी महिनाभरात, नाव घालावं लागतं. नाही घातलं तर पुढचं नूतनीकरण. आमच्या शॉप फ्लोअरवरच्या एका मुलाचं बाळ कमी दिवसांचं जन्मलं आणि काचेच्या पेटीत राहिलं. नोंदणीची सूचना ई-मेलने गेली होती. त्या मुलाला कंपनीचा ई-मेलच नाही, लेथवर काम करणाऱ्याला कोण देतो? बत्तिसाव्या दिवशी तो माझ्याकडे आला. पुढे काय काय विनवण्या कराव्या लागल्या ते सांगत बसत नाही. मशिनजवळच्या फळ्यावर ओव्हरटाइमचा कागद लागतो, तसा हाही कागद लावता येतो, एवढंच सुचवतो. आणि हो, नावाचं स्पेलिंग आधारकार्डाशी जुळतं का, हे नोंदवतानाच बघायला लावा. एका अक्षरापायी कॅशलेस तीन तास अडलेलं मी पाहिलंय.

आता टीपीएबद्दल, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेमची कामं बघणाऱ्या त्रयस्थ संस्थेबद्दल. कर्मचारी टीपीएलाच विमा कंपनी समजतो, कारण कार्डावर त्याचं नाव, हेल्पलाइन त्याची, आणि 'क्वेरी' पाठवणाराही तोच. क्लेम 'रिजेक्ट' झाल्याचा मेसेज टीपीएच्या ॲपवर दिसला की माणूस हात टेकतो. तुमच्यापैकी किती जण त्याला सांगतात, की क्लेम नाकारण्याचा अधिकार टीपीएला नाहीच, तो विमा कंपनीचा आहे? आयआरडीएआयने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात आणखी पुढे जाऊन सांगितलं, की विमा कंपनीलाही आपल्या दावे-आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येणार नाही, आणि फेटाळला तर पॉलिसीच्या नेमक्या कोणत्या अटीखाली, ते लेखी कळवायला हवं. "पॉलिसीच्या अटींनुसार देय नाही" हे एका ओळीचं उत्तर त्यात बसत नाही. अट क्रमांक मागा, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. क्रमांक मागितला की निम्म्या वेळा प्रकरण पुन्हा उघडतं, असा माझा अनुभव आहे. अर्थात माझ्या टेबलावर येतात तेवढ्याच प्रकरणांचा.

त्याच परिपत्रकात वेळाही बांधून दिल्या आहेत. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय. डिस्चार्जची अंतिम मंजुरी, रुग्णालयाकडून विनंती आल्यापासून तीन तासांत. त्याहून उशीर झाला आणि त्यापायी रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. सकाळी दहाला डॉक्टर घरी जा म्हणतात, आणि संध्याकाळी सातला पेशंट कपडे बदलून पलंगाच्या कडेवर बसलेला असतो. तुमच्यातल्या कुणी एकाने ब्रोकरला फोन करून "तीन तास होऊन गेलेत" एवढं म्हटलं तरी फरक पडतो. आमच्या फोनला रांगेतलं संगीत ऐकू येतं, तुमच्या फोनला माणूस उत्तर देतो. ब्रोकर तुमचा आहे, पुढच्या वर्षीचं काम त्याला हवं आहे. ही ताकद तुमच्याकडे आहे आणि ती वापरायला एक पैसा लागत नाही.

आणि क्लेम नाकारला गेलाच, तर "आता काही होणार नाही" असं म्हणू नका. हे वाक्य मी एचआरच्या दारात इतक्यांदा ऐकलंय, की त्याचं एक रबरी शिक्काच करून घ्यावा. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबत हवं तर आयआरडीएआयच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर नोंद, किंवा १५५२५५ या क्रमांकावर फोन. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. २०१७ च्या लोकपाल नियमांत ग्रुप पॉलिसीच्या तक्रारीही बसतात, हे एचआरमधल्याही फार थोड्या लोकांना माहीत आहे. लोकपालांचं कार्यालय मुंबईत आहे, पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, खरं तर चालतच नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या भरपाईचा निवाडा ते देऊ शकतात. विमा कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं, आणि तिथेच लोक चुकतात. सहा महिने टीपीएच्या मागे, चार महिने तुमच्या मागे, आणि मग कुणीतरी लोकपालाचं नाव सांगतं तेव्हा दोन महिनेही हातात नसतात.

इथे मला तुमची एक अडचण मान्य करायला हवी. कर्मचाऱ्याने लोकपालाकडे जावं, असं तुम्ही उघडपणे सांगितलं तर विमा कंपनीशी तुमचे संबंध बिघडतील, अशी भीती असते. असेलही. पण नोटीस बोर्डावर एक कागद लावला म्हणजे तुम्ही कुणाच्या विरोधात गेलात असं होत नाही. कारखान्यात पीएफच्या तक्रारीचा पत्ता लावलेला असतोच की.

ईएसआयवाल्यांकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या कामगारांकडे, वळतो. या पत्रात त्यांना जागा कमी मिळते आहे याची मला जाणीव आहे, त्यांच्यावर खरं तर वेगळं पत्र लिहायला हवं. महिना एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्यांसाठी १९४८ च्या कायद्याने आलेली आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेली ही योजना. पगाराच्या पाऊण टक्का कामगाराचा, सव्वातीन टक्के मालकाचा. दवाखान्यांची अवस्था काय आहे ते जगजाहीर आहे, पण कागदावरचे हक्क भक्कम आहेत. आजारपणात वर्षाला एक्क्याण्णव दिवसांपर्यंत सत्तर टक्के वेतन ही योजना देते, ते कुठल्याही मेडिक्लेममध्ये मिळत नाही. किती कामगारांना हे माहीत असतं? रजा संपली की बिनपगारी, एवढंच त्यांना सांगितलेलं असतं.

मला बोलायचंय ते पगारवाढीच्या महिन्याबद्दल. जूनमध्ये पगार एकवीस हजार पाचशे झाला, माणूस खूश. ईएसआय मात्र लगेच सुटत नाही. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा काळ पूर्ण होईपर्यंत ती कापायचीच असते, आणि त्या वर्गणीवरचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत चालतो. ऑक्टोबरपासून पगारपत्रकात कपात दिसत नाही, म्हणून कामगार समजतो की आपलं कार्ड बाद झालं. आपला हक्क जूनपर्यंत आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. आणि जुलैपासून मेडिक्लेममध्ये त्याचं नाव आहे की नाही, तेही कुणी बघत नाही. वाढलेल्या पाचशे रुपयांनी त्याचं छप्परच काढून नेलं, असं होऊ शकतं. पगारवाढीच्या पत्रात यासाठी दोन ओळी वाढवायला किती वेळ लागेल? ठेकेदाराकडच्या कामगारांचं तर विचारूच नका. त्यांची वर्गणी कापली जाते, पण भरली जाते का, हे बघायचं कुणी? मूळ मालक म्हणून तुमच्यावरही ती जबाबदारी येते, हे तुमच्या कायदा सल्लागाराला विचारून पाहा.

यानंतरची गोष्ट गुप्ततेची. क्लेमचे कागद एचआरमार्फत पाठवायची पद्धत अजून खूप ठिकाणी आहे. डिस्चार्ज समरी ई-मेलवर फिरते, 'सीसी'मध्ये विभागप्रमुख असतात. हर्नियाचं ठीक आहे. पण नैराश्यासाठी दाखल झालेल्या मुलीची समरी तिच्या टीम लीडरला कशासाठी? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकंच विम्याचं संरक्षण द्यायला सांगितलं आहे. कागदावर ते कव्हर तुमच्या पॉलिसीत असेलही. पण कागद कुणाकुणाच्या डोळ्यांखालून जाणार हे ठाऊक असेल, तर ते कोण वापरेल? स्वतःच्या खिशातून भरून गप्प बसलेली दोन माणसं मला माहीत आहेत. आणखी किती असतील ते मला कळणारच नाही. कागद थेट टीपीएकडे जाऊ द्या. तुम्हाला क्लेमची बेरीज हवी असते, ती ब्रोकर नावांशिवाय देऊ शकतो.

आणि आता शेवटचा दिवस. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते, आणि ती कुणाच्या लक्षातही येत नाही.

नोकरी सोडताना तुम्ही आमच्याकडून लॅपटॉप घेता, ओळखपत्र घेता, ना-हरकतीवर आठ सह्या घेता. पीएफचा फॉर्म देता, ग्रॅच्युइटीचा देता. मेडिक्लेमबद्दल एक शब्द नाही. शेवटच्या तारखेला रात्री बारा वाजता माणसाचं, त्याच्या बायकोचं, मुलांचं, आई-वडिलांचं कव्हर संपतं. तिशीतला मुलगा दुसरीकडे रुजू होतो, त्याचं निभावतं. पण साठीला निवृत्त होणाऱ्याचं काय? आमच्या स्टोअर्समधले एक काका निवृत्त झाले. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं. मधुमेह बारा वर्षांचा. महिन्याभराने ते नवीन पॉलिसी घ्यायला गेले तेव्हा आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांची प्रतीक्षा सांगितली गेली. नियमाप्रमाणे ती तीन वर्षांपर्यंत ठेवता येते, त्यामुळे विमा कंपनीला दोष देता येत नाही. पण ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क सदस्याला आहे, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं त्या प्रतीक्षाकाळातून वजा होतात. याला मायग्रेशन म्हणतात. कंपनी तपासण्या सांगू शकते, प्रीमियम वयाप्रमाणे भरपूर लागेल, हे खरं. पण काकांची तीन वर्षं वाचली असती. त्यांना मायग्रेशन हा शब्द मी सांगितला तो निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी, म्हणजे वरातीमागून घोडं.

हे मला आधी का सुचलं नाही, याची मला अजून टोचणी आहे. त्यांच्या निवृत्तीच्या हिशेबावर माझीच सही होती.

तेव्हा मागणं असं आहे. निवृत्तीच्या किंवा राजीनाम्याच्या तारखेआधी निदान दीड महिना, ना-हरकत पत्राला जोडून एक पान द्या: कव्हर कोणत्या तारखेला संपतं, विमा कंपनीत कुणाला भेटायचं, तुम्ही आणि तुमचं कुटुंब कधीपासून या पॉलिसीत आहात. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, कारण जुन्या वर्षांचा पुरावा तुमच्याकडेच असतो, आणि ब्रोकर बदलला की तोही हरवतो. कामावरून कमी केलेल्यांना तर हे पान त्याच दिवशी द्या. त्या दिवशी माणसाला काही सुचत नसतं. कागद निदान घरी गेल्यावर वाचता येतो.

बाकीचं मागणं मोठं नाही. पॉलिसीची प्रत मागेल त्याला द्या. व्यापारी गुपित म्हणून प्रीमियमचा आकडा झाकायचा तर खुशाल झाका. तिच्यातल्या मर्यादा दोन पानांत, मराठीत, साध्या भाषेत लिहून काढा: खोलीभाडं, को-पे, कोणत्या ऑपरेशनला किती, प्रसूतीला किती, काय मिळत नाही. हातमोजे, मास्क यांसारख्या वस्तूंची जी अडुसष्ट नावांची यादी आहे, तिचे पैसे सहसा खिशातूनच जातात, तेही आधीच सांगा, म्हणजे डिस्चार्जच्या वेळी रुग्णालयाशी फुकट वाद होणार नाहीत. आणि एका माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर द्या, जो रात्रीही फोन उचलेल. हेल्पडेस्कचा ई-मेल नको.

आमच्या कंपनीत हे सगळं झालंय असं समजू नका. दोन पानांचं पत्रक मीच तयार केलं, गेल्या नूतनीकरणानंतर. आमच्या एचआर बाईंनी ते वाचलं, तीन ठिकाणी दुरुस्ती केली, आणि म्हणाल्या, "हे आम्ही काढलं असं नको, तुमच्या नावानेच फिरू दे." फिरलं. कॅन्टीनच्या दारावर अजून चिकटवलेलं आहे, कोपरे तेलकट झालेत. यंदा को-पे बदलला म्हणून त्यातली एक ओळ मी पेनाने खोडून वर नवा आकडा लिहिलाय. नूतनीकरण झाल्यावर नवीन प्रत छापायची आहे. ती तुमच्या लेटरहेडवर छापली गेली तर बरं होईल.

आपला नम्र,
एक सदस्य कर्मचारी
(पॉलिसीधारक नव्हे)